बंडाला जागा लागते

पावणेदोन मिनिटांचं गाणं आहे. पालुपद एकच: ‘ओला नाही, ओला नाही, कापूस माहा ओला नाही’. मग लगेच, ‘पाठ ओली, सदरा ओला, कापूस माहा ओला नाही’. मध्येच गाणारा पोरगा चाल सोडून नुसता ओरडतो, ‘बारा! बारा! बारा!’ आणि गिटार, ड्रम सगळं त्या ओरडण्यावर येऊन आदळतं. ज्यानं एकदा तरी सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, केंद्रावर कापसाची गाडी नेली आहे, त्याला हा बारा काय ते सांगावं लागत नाही. ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, तिथून १२ पर्यंत त्या प्रमाणात भावात कपात, आणि १२ च्या वर मीटर गेलं की गाडी परत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल जाहीर झाला. पण तो आकडा आणि शेतकऱ्याचा खिसा यांच्या मधोमध ग्रेडरच्या, म्हणजे माल तपासणाऱ्याच्या, हातातलं ओलावा मोजायचं मीटर उभं असतं. अवकाळी येऊन गेलेली, कापूस घरात पसरून पंख्याखाली वाळवलेला, ट्रॅक्टर रात्रभर रांगेत उभा, पहाटेच्या दवानं वरचा थर पुन्हा सर्दावलेला, आणि सकाळी मीटर खुपसलं जातं ते नेमकं त्याच थरात. एवढी सगळी हकीकत त्या एका ‘बारा’त आहे.

हे गाणारी चार पोरं यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावची. बँडला अजून नाव नाही. त्यावरून त्यांचं भांडण चालू आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याकडे गेलो होतो, मागच्या कोठ्यातून हा आवाज आला म्हणून डोकावलो. बैलजोडी विकल्यापासून कोठा रिकामाच आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदाना ठोकलेला. ड्रम लग्नातल्या बँडपार्टीनं काढून टाकलेला, फाटलेल्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा सोल्युशननं चिकटवलेला. गिटार नागपूरहून आणलेली, जुनी. अँप्लिफायर भजनी मंडळाचा, आहुजाचा. त्याच्या माइकच्या भोकात गिटारची वायर घातली की आवाज फाटतो, चरचरतो. पोरांना तो फाटका आवाजच हवा आहे. साफ आवाजात वाजवून पाहिलं तेव्हा गाणं मेल्यासारखं झालं, असं गिटारवाला म्हणाला, आणि त्याचं बरोबर आहे.

ड्रमवाल्याला पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या मामेभावानं फोनवर रामोन्स ऐकवले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार पोरं. १९७६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, १४ गाणी, सगळी मिळून २९ मिनिटं. मी विचारलं, काय आवडलं त्यात? तो म्हणाला, ‘काका, यायलेबी आपल्यासारखंच थोडंसंच येते. पण ते थांबत नाहीत.’

पंक रॉकबद्दल, म्हणजे रामोन्ससारख्यांच्या त्या वेगवान, खडबडीत, बंडखोर संगीताबद्दल, मी जे काही वाचलं आहे त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही. घरी आल्यावर कॉलेजच्या दिवसांत ऐकलेले ते सगळे रेकॉर्ड मी पुन्हा काढून ऐकले, आणि ऐकता ऐकता एक सार्वजनिक प्रश्न डोक्यात पक्का बसला. त्यासाठीच हे लिहितो आहे. आमच्या खेड्यांतल्या पोरांकडे राग आहे, भाषा आहे, फोन आहे, वाद्यंही ती कुठून ना कुठून जमवतात. जागा मात्र त्यांच्याकडे नाही. बंड ही एकट्याच्या डोक्यात होणारी गोष्ट आहे असं समजून आपण तरुणांना ‘काहीतरी वेगळं करा’ म्हणून उपदेश करत असतो. पण पंकचा इतिहास नीट पाहिला तर तो चार भिंतींचा, भाड्याच्या हॉलचा आणि उसन्या पैशांचा इतिहास आहे.

लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. उभे केलेले रंगीत केस, गालात टोचलेली सेफ्टी पिन, फाटक्या जिन्स. हा भाग विकायला सोपा होता, आणि तो पहिल्यापासून विकलाही गेला. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन आणि फॅशन डिझायनर व्हिव्हिएन वेस्टवूड यांचं किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकानच होतं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमनं पंकच्या फॅशनवर मोठं प्रदर्शन भरवलं. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये पंकची चाळिशी सरकारी आशीर्वादानं साजरी व्हायला लागली, तेव्हा याच दोघांचा मुलगा जो कोरे यानं आपल्या संग्रहातले कपडे, रेकॉर्ड, पोस्टर थेम्स नदीत एका नावेवर नेऊन जाळले. त्यांची किंमत त्यानं ५० लाख पौंड सांगितली होती. ती होळी पाहून अनेकांना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. ५० लाखांचे फाटके कपडे जळाल्यानं पंकचं काहीच नुकसान होत नाही.

नुकसान कशानं झालं असतं ते सांगतो. ४ जून १९७६ ला मँचेस्टरमध्ये सेक्स पिस्टल्सचा कार्यक्रम झाला नसता, तर. तो कार्यक्रम कुठल्या कंपनीनं ठेवला नव्हता. हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या बोल्टनच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकणाऱ्या दोन पोरांनी लेसर फ्री ट्रेड हॉल भाड्यानं घेतला. ती इमारत १९२० पासून मँचेस्टरच्या नगरपालिकेच्या मालकीची होती. म्हणजे ब्रिटनच्या राणीवर पुढच्याच वर्षी तुटून पडणाऱ्या बँडला उत्तर इंग्लंडात जागा मिळाली ती सार्वजनिक पैशांवर उभ्या असलेल्या एका सभागृहात. ऐकायला जेमतेम चाळीसेक माणसं. पण त्यात पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढणारी पोरं होती, पुढे द स्मिथ्स या बँडचा गायक झालेला मॉरिसी होता. कोणी दुसऱ्या दिवशी गिटार विकत घेतली, कोणी लिहायला लागलं. आज त्या इमारतीत मोठं हॉटेल आहे.

पुढची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. डेव्होटो आणि शेली यांनी स्वतःचा बँड काढला, बझकॉक्स. रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभं राहण्याऐवजी त्यांनी घरच्यांकडून, मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी ध्वनिमुद्रित केली, आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ नावानं १,००० प्रती काढल्या. त्या हातोहात गेल्या, पुन्हा छापाव्या लागल्या, एकूण खप १६,००० पर्यंत गेला. आज ज्याला आपण ‘इंडी’, म्हणजे मोठ्या कंपन्यांपासून स्वतंत्र, संगीत म्हणतो, त्याची ब्रिटनमधली वाट या उसन्या ५०० पौंडांनी मोकळी केली. त्याच महिन्यात ‘साइडबर्न्स’ नावाच्या एका हातानं काढलेल्या पत्रिकेत गिटारच्या तीन कॉर्डची चित्रं छापून आली होती. ही एक, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा, एवढाच मजकूर. यात कुठेही प्रतिभेची अट नाही, गुरूची नाही, घराण्याची नाही. संगीताच्या दारावरचा पहारेकरी हटवून ती खुर्ची त्यांनी रिकामीच ठेवली.

आता विदर्भाकडे येतो. काही जण उत्साहानं म्हणतात की आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, तुकडोजी महाराज पहिले पंक, गाडगेबाबा पहिले पंक. मला ही भाषा पटत नाही. तुकडोजी महाराजांनी हातात खंजिरी घेऊन भजनं म्हटली, त्या भजनांनी माणसं पेटली, १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर-आष्टी उठल्यावर इंग्रज सरकारनं त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. या कामाला लंडनच्या शिक्क्याची गरज नाही. पण एवढं मात्र खरं की मोठ्यानं बोलण्याची, थोडक्यात बोलण्याची आणि देवालाही न सोडण्याची सवय या मातीत जुनी आहे. पोळ्याला आखरावर, गावाजवळच्या मोकळ्या जागेत, बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात आणि झडत्या सुरू होतात. ज्याला म्हणायची त्यानं पुढं यावं. चार-सहा ओळी, यमक पक्कं, आवाज गावाच्या टोकापर्यंत, आणि शेवटी सगळ्या गावाचा एक गजर, ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!’ जुन्या झडत्यांत महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला गाठी मारलेल्या असतात. देवाला आपल्याएवढं गरीब करून आपल्यात बसवणारी ही कविता आहे. सावकार, पटवारी, मंत्री, बियाण्याची कंपनी, सगळे त्यात सोलून निघालेले मी ऐकले आहेत. दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापीडेची बाहुली, निघते. नागपुरात काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात, तिच्यासोबत बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे, असतात, आणि त्या वर्षी लोकांच्या डोक्यात जे कोणी बसलेलं असेल त्याचा बडग्या होतो. गावागावांतही सकाळी लहान पोरं मारबत घेऊन शिवेबाहेर जातात, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत.

लंडनमध्ये १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्सनं राष्ट्रगीताचंच शीर्षक घेऊन राणीला शिव्या घातल्या. बीबीसीनं गाण्यावर बंदी घातली, तरी ते अधिकृत यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. मला त्या गाण्याचं मोल ठाऊक आहे. पण ज्या गावात दरवर्षी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, राजालाच नव्हे तर महादेवालाही सुनावण्याचा हक्क सगळ्यांनी मान्य केलेला होता, त्या गावाला बंड म्हणजे काय हे बाहेरून शिकायची गरज नव्हती.

‘होता’ असं लिहितो आहे, कारण आमच्या भागात झडतीची जागा आक्रसत चालली आहे. तोरणाच्या बाजूला आता मंडप असतो, मंडपात सोफा, सोफ्यावर पुढारी. झडत्यांची स्पर्धा असते, बक्षीस पुढाऱ्याच्या नावाचं, माइक त्याच्या कार्यकर्त्याच्या हातात. कोणाच्या झडतीत बोचरं काही आलं की माइक ‘खराब’ होतो. मग डीजे सुरू. छातीत धडकी भरवणारा तो आवाज पाहून काहींना वाटतं की तरुणाई बेभान झाली, हेच नवं बंड. साफ चूक. डीजेचं भाडं ज्यानं दिलं त्याचंच गाणं वाजतं. आवाज कितीही मोठा असला तरी त्यात पोरांचा स्वतःचा एक शब्द नसतो. कोठ्यातल्या त्या चार पोरांचा आवाज डीजेच्या एका भिंतीपुढे काहीच नाही, पण शब्द त्यांचा आहे. आणि तक्रार आली ती कोणाबद्दल? ‘काऊन रे, काय कल्ला लावला’ म्हणत शेजारचे येतात ते कोठ्यावर. डीजेवर कोणी जात नाही.

ही तक्रार आवाजाची नाही, शब्दांचीच आहे, असं मला वाटण्याला कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांपायी गुन्हे दाखल झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये इंडोनेशियात, मध्य जावातल्या पुरबलिंगा या भागातली सुकातानी ही पंक जोडी पोलिसांच्या लाचखोरीवरच्या गाण्याबद्दल माफी मागताना आणि गाणं मागे घेताना साऱ्या देशानं पाहिली. शेतीवर गाणारी, कार्यक्रमात श्रोत्यांना भाजीपाला वाटणारी ही जोडी. दोघांतली गायिका शिक्षिका होती. तिची नोकरी गेली. पण मागे घेतलेलं ते गाणं पुढच्या काही दिवसांत रस्त्यावरचे मोर्चे गायला लागले. गाणं दाबायचं असेल तर पोलिसाआधी दुसरी एक युक्ती जास्त कामी येते: गाण्याला उभं राहायला जागाच मिळू द्यायची नाही. त्यात कोणाला अटक करावी लागत नाही, बातमी होत नाही.

‘फोन आहे ना, टाका यूट्यूबवर,’ असं मला एका सुशिक्षित सरपंचांनी सांगितलं. फोन आहेच, आणि त्यानं मोठं काम केलं आहे. रामोन्स घाटंजीपर्यंत फोननंच आले. पण २०२४ पासून स्पॉटिफायनं नियम केला आहे की वर्षभरात १,००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला एक पैसाही मिळणार नाही. पाचशे घरांच्या गावानं एक गाणं जिवापाड जपलं तरी त्या हिशोबात ते शून्य धरलं जाऊ शकतं. आणि पैसा बाजूला ठेवला तरी फोनवर गाणारा पोरगा एकटा पडतो. समोर चाळीस माणसं बसलेली असली की चुकलं तर तिथेच कळतं, एखादी ओळ म्हातारीला लागली तर तिच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि मागच्या रांगेतल्या पोराला वाटतं, हे तर मलाही येईल. मँचेस्टरच्या त्या हॉलमध्ये झालं ते हेच.

सगळ्यात कडवा आक्षेप वेगळा आहे, आणि तो करणारी माणसं मला जवळची आहेत. इथे शेतकरी फास घेतो आहे, आणि तुम्हाला गिटार सुचते? मला या आक्षेपाचा राग येत नाही, त्यामागचं दुःख खरं आहे. पण मी त्यांना विचारतो, शेतकऱ्यावरची गाणी आज कोण लिहितं? बहुतेक गाण्यांत तो एक तर बळीराजा म्हणून पुजलेला असतो, नाहीतर मेलेला असतो. मागे बासरी, आभाळाकडे पाहणारा म्हातारा, भेगाळलेली जमीन. या गाण्यांनी आम्हाला रडायला शिकवलं, मीटरचा आकडा विचारायला शिकवलं नाही. कोठ्यातल्या गाण्यात शेतकरी जिवंत आहे, चिडलेला आहे आणि ग्रेडरच्या तोंडावर हुज्जत घालतो आहे. शेतकऱ्याच्या पोरानं आपल्या बापाबद्दल दया सोडून रागानं बोलणं ही चैन कशी होईल?

‘हे परदेशी आहे’ याचं उत्तर थोडक्यात देता येतं. भजनातली पेटी परदेशी आहे. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला निघालं. आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं पेटीवर बंदीही घातली होती. त्या बंदीच्या काळातही आमच्या देवळांत पेटी वाजत राहिली आणि आज ती कोणाला परकी वाटत नाही.

‘खेड्यात असलं कोण ऐकणार’ म्हणणाऱ्यांनी मात्र एकदा हिवाळ्यात झाडीपट्टीत जाऊन यावं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात दिवाळीनंतर होळीपर्यंत मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा हे त्याचं केंद्र. कंपन्या तिथल्या, नट तिथले, तंबू गावच्या मंडळाचा, आणि प्रेक्षक तिकीट काढून येतात, थंडीत पहाटेपर्यंत बसतात. मुंबई-पुण्याच्या नाट्यसृष्टीनं कित्येक वर्षं याकडे ढुंकून पाहिलं नाही, म्हणून काही ती रंगभूमी थांबली नाही. २०२३ मध्ये तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अनेक शहरी वाचकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. स्वतंत्र कला म्हणजे काय, तिचा पैसा कसा फिरतो, तिला गाव कसं पोसतं, याचा चालता-बोलता धडा विदर्भातच आहे. मग चार पोरांच्या बँडला श्रोते मिळणार नाहीत, हे कशावरून?

पंकला डोक्यावर घ्यायचं तर त्याचे डागही बघावे लागतील. सुरुवातीच्या काळात केवळ लोकांना हादरवायचं म्हणून काही जण दंडावर नाझी चिन्ह बांधून फिरत होते. ज्यांच्या घरची माणसं छळछावण्यांत गेली त्यांना काय वाटत असेल याचा विचार त्यात नव्हता, आणि पुढे खरे वंशद्वेष्टे त्याच कार्यक्रमांत घुसले. ते थोपवायला पंकमधलीच दुसरी माणसं पुढे आली. १९७६ मध्ये ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशद्वेषाविरुद्धची चळवळ उभी राहिली, आणि ३० एप्रिल १९७८ ला लंडनमध्ये ट्रॅफल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा व्हिक्टोरिया पार्कात पोचला तेव्हा तिथे द क्लॅश वाजवत होते, स्टील पल्स हा काळ्या तरुणांचा रेगे बँड होता, आणि एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन गात होती, जिचे वडील सोमाली होते. कोणावर ओरडायचं हे ज्याला कळत नाही त्याचं ओरडणं शेवटी दुबळ्यावरच जातं. आपल्याकडे तर ही भीती फार खरी आहे. आपली बहुतेक शिव्यांची पोतडी आई-बहिणीवरून आणि जातीवरून भरलेली आहे. ती गाण्यात ओतली म्हणजे धीटपणा झाला असं पोरांना कोणी सांगत असेल तर त्यांनी ते ऐकू नये. या बँडनं एका गाण्यातून अशी एक शिवी काढली, आणि तिच्या जागी व्यापाऱ्यानं कट्टीपायी, म्हणजे वजनातल्या कपातीपायी, किती किलो कापले तो आकडा घातला. गाणं आधीपेक्षा जास्त झोंबतं.

आणि मुली. ‘पाठ ओली, सदरा ओला’ ही ओळ गाणाऱ्याच्या बहिणीची आहे. ती बारावीत शिकते, वही भरून गाणी लिहिते, आवाजही तिचा भावापेक्षा चांगला आहे. पण ती बँडमध्ये नाही. संध्याकाळी कोठ्यात चार पोरं असताना तिथं जायचं नाही, असं घरी ठरलेलं आहे. तिच्या आईशी बोललो तर त्या म्हणाल्या, ‘समाजमंदिरात असतं तर गेली असती जी. तिथं सगळे दिसते, येणारे-जाणारे असते. कोठ्यात कशी धाडू?’ मला त्या आईचं म्हणणं मागास वाटलं नाही. खासगी जागा मुलींना बाहेर ठेवते. उघड्या दाराची, सगळ्यांची जागा त्यांना आत घेऊ शकते. एरवी काय होतं ते श्रीनगरच्या प्रगाश या शाळकरी मुलींच्या बँडनं सोसलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी बँडच्या स्पर्धेत बक्षीस घेतलं, धमक्या आल्या, फेब्रुवारी २०१३ मध्ये फतवा निघाला आणि बँड मोडला. त्यांच्या पाठीशी उभी राहील अशी एकही भक्कम जागा नव्हती. उलट उदाहरणही आहे. पश्चिम जावात गारुत जिल्ह्यातल्या सिंगाजाया नावाच्या खेड्यात हिजाब घालणाऱ्या तीन मुलींनी २०१४ मध्ये बँड काढला, व्हॉइस ऑफ बाचेप्रोत. त्यांना वाद्यं आणि धीर दिला तो त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकानं. २०२४ मध्ये त्या ब्रिटनमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या.

तर समाजमंदिर. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात एक बांधलेलं आहे, कुठे समाजमंदिर, कुठे ग्रामपंचायतीचं सभागृह, कुठे व्यायामशाळेची न वापरलेली खोली. बांधलं लोकांच्या पैशातून. लग्न, बारसं, निवडणुकीचं मतदान एवढे दिवस सोडले तर कुलूप. पोरांनी त्यांच्या गावात किल्ली मागितली तेव्हा ‘कशासाठी’ या प्रश्नावर गाडी अडली; ‘बँड’ म्हटल्यावर हसून परत पाठवलं. तीच मागणी एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची असती तर किल्ली घरपोच आली असती.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत ९२४ गिलमन स्ट्रीट नावाची जागा ३१ डिसेंबर १९८६ ला सुरू झाली आणि अजून चालते. ती स्वयंसेवक चालवतात, कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश आहे, आणि भिंतीवर नियम लिहिलेले आहेत: दारू नाही, ड्रग्ज नाहीत, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांचा अपमान नाही. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथं वाजवायला मिळत नसे; ग्रीन डे तिथंच वाढले आणि करार केल्यावर त्यांनाही दार बंद झालं. वॉशिंग्टनचे फुगाझी जगभर नाव झाल्यावरही तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवत राहिले, का, तर शाळेतल्या पोरालाही येता यावं. पंकमधलं मला सगळ्यात थोर वाटतं ते हे. राग सगळ्यांनाच येतो. त्या रागासाठी स्वच्छ, स्वस्त, सगळ्यांना उघडी जागा नियमानं चालवणं फार थोड्यांना जमलं. आमच्या गावात दारूबंदीसाठी बायकांनी मोर्चे काढलेले आहेत. दारू नसलेली, संध्याकाळी तरुण पोरं-पोरी काहीतरी घडवत बसलेली जागा त्यांना नको असेल का?

माझ्या गावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे, आणि इतर गावांतही कोणी मांडावा म्हणून त्याचा मजकूर इथे देतो. समाजमंदिर आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा ते नऊ, गावातल्या कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वाद्याच्या तरुण-तरुणींना सरावासाठी मोफत उघडं राहील. भजनी मंडळ, कव्वालीवाले, भीमगीतं गाणारे, दंडारवाले, रॅप करणारे, बँड, सगळ्यांचा हक्क सारखा. दार उघडं राहील. आवाज कायद्यानं दिलेल्या मर्यादेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, आणि रात्री दहानंतर शांतता. हाच नियम डीजेलाही लागू होईल. महिन्यातून एकदा तिथंच कार्यक्रम, तिकीट १० रुपये, जमलेली रक्कम विजेच्या बिलाला आणि वाद्यांच्या दुरुस्तीला. गाण्यात काय म्हणायचं हे ग्रामपंचायत ठरवणार नाही. बाईचा किंवा जातीचा अपमान करणाऱ्याला मात्र पुढच्या महिन्यात माइक मिळणार नाही. किल्ली सरपंचांच्या घरी राहणार नाही, वाचनालयाच्या टेबलाशी वहीत सही करून मिळेल. ठरावाला सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून दोन नावं आली आहेत, त्यातलं एक भजनी मंडळाच्या बुवांचं आहे, ज्यांचा अँप्लिफायर सध्या कोठ्यात आहे.